वाट्याला आलेला माळा

महादेवी अक्कांच्या वाट्याला घराचा वरचा अर्धा भाग आला होता. खालचं दुकान आणि जमीन दिराची, वरचा माळा अक्कांचा. वाटणी झाली तेव्हा त्यांचा नवरा घर सोडून गेल्याला बरीच वर्षं लोटली होती. मुंबईला कामाला जातो म्हणून गेला तो आलाच नाही. मेला म्हणावं तर बातमी नाही, जगला म्हणावं तर पत्ता नाही. सासरे जुन्या वळणाचे, पण सरळ माणूस. त्यांनी चार माणसांसमोर सांगितलं, "धाकट्याला खालचं, थोरल्या सुनेला वरचं," आणि तसं रीतसर करून दिलं. म्हणजे जगात अक्कांच्या मालकीचं जे काही होतं ते सगळं जुन्या सागवानी तुळयांवर उभं होतं, आणि त्या तुळया दिराच्या डोक्यावर होत्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ऑफिसात. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडे मी नोकरीला लागले होते. एका दुपारी एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई सरळ आत आली. अंगावर इरकल साडी, कपाळभर विभूती, कोपरापर्यंत पिठाने पांढरे झालेले हात आणि त्यांत फडक्यात बांधलेलं गाठोडं. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"घर पडायलंय," ती म्हणाली. "कोन बघनार?"

सरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मान हलवली. "अक्का, जुनी लाकडी घरं आम्ही करत नाही. पाडून नवीन बांधा, तेच बरं."

"पाडायचं असतं तर हितं कशाला आले असते? पाडायला इंजिनेर लागत न्हाय."

सर हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सोनकांबळे, जा, बघून तर ये."

रिक्षात अक्कांनी माझी चौकशी सुरू केली. गाव कुठलं, वडील काय करतात. होटगीचे, रेल्वेत होते, असं मी सांगितलं. "सोनकांबळे म्हनले न्हवं सायेब?" त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मी हो म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प झाल्या. आडनाव ऐकल्यानंतरची ही शांतता आमच्याकडे लहानपणापासून ओळखता येते. मी बाहेर बघत बसले. मग त्यांनी मांडीवरचं गाठोडं सोडलं, आतली एक कडक भाकरी काढली, कानाजवळ नेऊन काडकन मोडली, आवाज पसंत पडल्यासारखी मान हलवली आणि अर्धी माझ्या हातात दिली. उरलेली अर्धी त्या स्वतः खाऊ लागल्या.

"खा. चटनी घरी गेल्यावर देते."

तो आवाज ऐकणं ही त्यांची कायमची सवय होती. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर ती पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची, हा त्यांचा धंदा. हाताखाली चार बाया. प्रत्येक थप्पीतली एक भाकरी अक्का कानाशी मोडून बघत. आवाज बसका आला की ती सगळी थप्पी पुन्हा आचेवर. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे भाकऱ्या मोजताना त्या कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु, आणि बायांना ओरडताना मराठीत ओरडत. भाकरी मोजताना राग आला तर मोजणी चुकू नये म्हणून आकडा बोटांवर धरून ठेवत, ओरडून घेत आणि पुढचा आकडा म्हणत.

"बघू" हा शब्द त्यांना अजिबात चालत नसे. एखादी बाई उद्या येणार का असं विचारल्यावर "बघू अक्का" म्हणाली की त्या हातातलं काम थांबवत. "माझ्या सासरी सगळे नोडोण म्हननारे. नोडोण म्हंजे बघू. बघू बघू म्हनत नवरा गेला, बघू बघू म्हनत छप्पर गळायला लागलं. माझ्या आईच्या तोंडात एकच, माडोण. करू. तू येनार का न्हाय ते सांग." आणि ती बाई बिचारी "येते" म्हणून मोकळी होत असे.

घर जुन्या बाजारपेठेतल्या एका अरुंद रस्त्यावर होतं. खाली दीर सिद्रामप्पांचं चादरींचं दुकान. बाजूच्या बोळातून माळ्यावर जायला दगडी जिना. वर एकच लांब खोली, पत्र्याचं छप्पर, एका अंगाला शेगड्या, दुसऱ्या अंगाला ज्वारीची पोती, रस्त्याकडे एक मोठी खिडकी आणि खिडकीशी अक्कांची वळकटी. मी दारातून पाऊल आत टाकलं आणि जमीन किंचित खाली गेली. नकळत मी भिंतीला धरून कडेकडेने चालू लागले. चारही बाया तशाच कडेने चालत होत्या. त्यांना आता ते कळतही नव्हतं.

खाली दुकानात जाऊन वर बघितलं तेव्हा प्रकार लक्षात आला. सगळ्या तुळया मधोमध पोट सुटल्यासारख्या खाली आल्या होत्या. एका तुळईला बोट जाईल एवढी चीर पडली होती. आदल्या आठवड्यात भर दुपारी मोठा आवाज झाला होता आणि वरची माती दिराच्या नव्या चादरींवर पडली होती. त्या दिवसापासून सिद्रामप्पांना दुकानात चैन नव्हतं.

माणूस वाईट नव्हता. बारीक आवाजाचा, सदा काळजीत असलेला. मला म्हणाला, "म्याडम, तुमीच सांगा. खाली मी बसतो, गिऱ्हाईक बसतंय. उद्या डोक्यात पडलं तर? मी एका बिल्डरशी बोललोय. पाडून देतो म्हनतो. वैनींनाबी फ्ल्याट देनार हाय."

अक्का जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. "कवा देनार?"

"दोन-तीन वर्सं लागतील की."

"तवर ह्या चौघी काय खातील? आन् माळा पाडल्यावर माझ्या नावावर काय ऱ्हाईल, भावजी? हवा?"

दोघांमध्ये पुढे कानडीत थोडं झालं, ते मला समजलं नाही. एवढंच समजलं की दिवाळीपर्यंत काहीतरी करा, नाहीतर मी पाडायला माणसं लावतो, असं सिद्रामप्पा म्हणाले.

मी ऑफिसात येऊन आकडेमोड केली. उपाय तसा सरळ होता. तुळयांच्या खालून, बरोबर मधोमध, आडवा एक लोखंडी गर्डर घालायचा, त्याला दोन लोखंडी खांब द्यायचे, तुळया थोड्या वर उचलून गर्डरवर टेकवायच्या. लाकूड धुराने काळं पडलं होतं, पण वाळवी लागलेली नव्हती. मी मोठ्या उत्साहाने कागद घेऊन गेले. सिद्रामप्पांनी तो बघितला आणि खांबांच्या दोन चौकोनांवर बोट ठेवलं.

"हे माझ्या दुकानात?"

"हो."

"कायमचे?"

"हो, कायमचे."

"जमनार न्हाय. जागा इकताना कोन घेईल? माझ्या जमिनीवर वैनींचा खांब मी उभा करू देनार न्हाय."

कायद्याने काय, माणुसकीने काय, हे सगळं मी बोलून पाहिलं. ते हात जोडून बसून राहिले. वर जाऊन अक्कांना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. थापणं थांबलं नाही.

"खालनं नको म्हनतो का?"

"हो."

"मग वरनं करा."

"अक्का, असं नसतं. वजन खालूनच—"

"माझ्या वाट्याला वरचं आलंय. मी वरचंच देऊ शकते. तुमी शिकलेल्या हाव, कसं करायचं ते तुमी बघा. होत न्हाय म्हनलात तर दुसरीकडं जाते."

तसं करता येतं हे मला माहीत होतं, पण घरात ते कोणी करत नाही. गर्डर माळ्याच्या फळ्यांच्या वरून घालायचा, दोन्ही टोकं बाजूच्या भिंतींत बसवायची आणि खालच्या तुळया लोखंडी पट्ट्यांनी पाळण्यासारख्या त्या गर्डरला टांगायच्या. मग खांबांची गरज नाही. भार जातो भिंतींवर. मी भिंती तपासल्या, त्या घट्ट होत्या. अडचण एकच, खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नडगीएवढ्या उंचीचा लोखंडी आडवा उंबरा येणार. शेगड्या एका बाजूला, झोपायची जागा दुसऱ्या बाजूला. दिवसातून शंभरदा तो ओलांडायचा.

हे अक्कांना समजावून सांगितलं आणि विचार करून कळवा म्हटलं. पुढच्या आठवड्यात मी गेले तर खोलीच्या मधोमध तेलाचे रिकामे डबे आडवे मांडून ठेवलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मी सांगितलेल्या उंचीचे. बाया पिठाची पातेली घेऊन ते ओलांडत होत्या. एकीचा पदर अडकत होता, दुसरी हसत होती.

"त्या दिवसापासून मांडलेत," अक्का म्हणाल्या. "पयल्या दिवशी दोनदा पडले मी. आता पाय आपोआप उचलतोय. चालतंय. करा."

एका गोष्टीवर मात्र आमचं चांगलंच भांडण झालं. ज्वारीची पोती माळ्यावर परत ठेवायची नाहीत असं मी सांगितलं. अक्का भडकल्या. "पोती ठेवायची न्हाईत तर मग गर्डर काय दिवाळीचा आकाशकंदील हाय का?" मी म्हटलं, गर्डर तुमच्यासाठी आणि चार बायांसाठी आहे, गोदामासाठी नाही. पोती राहणार असतील तर मी काम सोडते. अक्का म्हणाल्या, "आडमुठी हाईस." त्या दिवसापासून त्या मला अगंतुगं करू लागल्या आणि पोती खाली गेली. पुढे दर आठवड्याला थोडी थोडी ज्वारी आणायची, लगेच दळायची, असं सुरू झालं.

तरी दिराचं दुकान लागणारच होतं, काही दिवसांपुरतं. गर्डर वर चढवायचा, तुळया उचलायच्या, तोवर खालून टेकू हवेत. हे मी सिद्रामप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघू."

हा शब्द अक्कांपर्यंत जायला नको होता, पण गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. मांडीवर सूप, सुपात ज्वारी. निवडत बसल्या. गिऱ्हाइकं त्यांच्या बाजूने पाय टाकून आत जात होती. ओळखीच्या बाया थांबून विचारत होत्या, "अक्का, आज हितं?" अक्का म्हणत, "किल्ली पायजे म्हनून बसले." आवाज चढवायचा नाही, काही नाही. पुन्हा ज्वारी.

मी पोचले तेव्हा सिद्रामप्पा गल्ल्यावर घामेघूम होऊन बसले होते.

"वैनी, लोक बघायलेत."

"बघू दे की. मी काय चोरी केली?"

"वर जावा तुमी."

"जाते. किल्ली द्या."

दुपारी सिद्रामप्पांचा डबा आला. उपाशी भावजय पायरीवर बसलेली असताना त्यांना तो उघडवेना. अक्कांनी आपल्या ओच्यातून भाकरी काढली, शेंगाचटणी काढली, खायला लागल्या आणि पाठीमागे न बघता म्हणाल्या, "जेवा भावजी. मी जेवायलेच." मग ते जेवले. हात धुऊन आले आणि दुकानाची किल्ली पायरीवर, सुपाशेजारी ठेवली.

"काय झालं तर जिम्मेदारी कुनाची?"

"माझी," अक्का म्हणाल्या. आणि माझ्याकडे मान वळवून, "आन् हिची."

तोवर मी कागदावर पुष्कळ इमारती उभ्या केल्या होत्या. माझ्या शब्दावर कोणाचं घर टांगलेलं राहणार, अशी ही पहिलीच वेळ.

लोखंडाचं काम इस्माईलभाईंनी घेतलं. बारीक, पिकल्या दाढीचे, कामाच्या वेळी फार कमी बोलणारे गृहस्थ. अक्का आणि त्यांचं पहिल्याच दिवशी जुळलं, कारण दोघांनाही दुसऱ्याने मध्ये बोललेलं आवडत नसे. दुकान रिकामं झालं. चादरींचे गठ्ठे अक्कांनी आणि बायांनी स्वतः प्लास्टिकमध्ये बांधून मागच्या खोलीत नेले. एकाही गठ्ठ्याला डाग लागू दिला नाही. टेकू उभे राहिले. भाकऱ्यांचं काम थांबलं नाही. शेजारच्या परसात पत्र्याखाली शेगड्या गेल्या.

गर्डर बोळातून वळेना. शेवटी खिडकीची चौकट काढली आणि तो रस्त्यावरून साखळीने उचलून खिडकीतून आत घ्यायचं ठरलं. सकाळी रस्ता अडला. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, हातगाड्या, माणसं. गर्डर वर जाऊ लागला तशा अक्का खिडकीत येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे करू लागल्या.

"अक्का, नक्को खडे रहो उधर," इस्माईलभाई खालून ओरडले. "लोहा है, बच्चा नहीं है, गोद में लेने को."

त्या मागे सरकल्या, पण पहिलं टोक खिडकीतून आत आलं तेव्हा दोन्ही हातांनी त्यांनी ते धरलंच. सिद्रामप्पा समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघत होते. त्यांच्या शेजारच्या कोणीतरी विचारलं, "काय चाललंय?" ते म्हणाले, "आमच्या घराचं काम हाय." आमच्या, असं म्हणाले. मी शेजारीच होते.

भिंतीत काँक्रीटचे ठोकळे घातले, ते पक्के झाल्यावर त्यांवर गर्डर बसला. मग तुळया उचलायच्या. खालून जॅक लावून रोज थोडं थोडं, कारण वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड एका दिवसात सरळ करायला गेलं की मोडतं. हे होईपर्यंत माळ्यावर कोणी झोपायचं नाही, असं मी अक्कांना बजावलं होतं. शेजारी एका बाईंनी त्यांना खोली देऊ केली होती. सकाळी मी आले तर त्यांची वळकटी बोळातल्या दगडी जिन्यावर. त्या जिन्यावरच झोपल्या होत्या.

"खोली दिली होती ना तुम्हाला?"

"जिना माझाच हाय. वर झोपू नको म्हनलीस, जिन्यावर न्हाय म्हनलीस."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते झालं. इस्माईलभाईंनी जॅकचा दांडा हळूच फिरवला आणि कोपऱ्याकडची तुळई बंदुकीसारखी वाजली. सगळे बाहेर पळालो. वरून मातीचा लोट आला. दुकानाच्या दारात सिद्रामप्पा कपाळाला हात लावून म्हणत होते, "सांगितलं व्हतं, सांगितलं व्हतं."

धूळ बसल्यावर मी आणि इस्माईलभाई आत गेलो. ती तुळई भिंतीतल्या टोकाला पोकळ झाली होती. गळक्या छपराचं पाणी तिथे भिंतीत मुरत राहिलं होतं. बाहेरून लाकूड खणखणीत, आतून भुसा. टेकूंमुळे ती जागेवर होती. मला ते आधी दिसायला हवं होतं का, याचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. बाकीच्या सगळ्या तुळयांची टोकं उकरून पाहिली. ती चांगली निघाली.

बाहेर आले. अक्का बोळाच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. विभूतीवर धूळ बसली होती.

"पडंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण ती एक तुळई गेली. तिच्या जोडीला दुसरी लावावी लागेल, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि दोन्ही एकत्र बांधाव्या लागतील."

"मग जोड."

एवढंच बोलून त्या परसात गेल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. पण मोजताना त्यांचा आकडा चुकला. दोनदा चुकला. बायांनी एकमेकींकडे बघितलं.

काम आवरून निघताना मी त्यांना शोधत जिन्यापाशी गेले. त्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मला बघून बाजूला सरकल्या. मी बसले.

"भ्याले व्हते आज," त्या म्हणाल्या. "नवरा गेला तवा लोक म्हनत, जा, मुंबईत शोध. माझी आई म्हनायची, जा. मी गेले न्हाय. मला काय तो नको व्हता असं न्हवं गं. पन हितनं हलले असते तर परत कुनी आत घेतलं नसतं. सासरा चांगला, पन सासरा किती दिस पुरनार. म्हनून बसूनच ऱ्हायले. लग्न झाल्यापासून ह्या घराबाहेर एक रात काढली न्हाय मी. माहेरचं कुनी मेलं तरी संध्याकाळच्या यष्टीनं परत. आन् आज तो आवाज झाला तवा वाटलं, एवढं धरून बसले ते काय धरून बसले."

मग पदराने कपाळावरची धूळ पुसून म्हणाल्या, "लाकूड उद्या मिळंल न्हवं?"

"मिळेल."

"मग जा आता. उशीर करू नको."

लाकूड मिळालं. जुन्या तुळईला बाजूने नवी तुळई घातली, बोल्टांनी आवळली. बाकीच्या तुळया हळूहळू वर आल्या, अगदी सरळ नाही, पण पोट गेलं. प्रत्येक तुळईखालून लोखंडी पट्टी घालून वर गर्डरला नटांनी कसली. मग जॅक सोडायचे. इस्माईलभाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. एकेक जॅक खाली आला. मी तुळयांखाली दोरा ताणून ठेवला होता. दोऱ्यात आणि लाकडात जेवढं अंतर होतं तेवढंच राहिलं. टेकू निघाले. दुकानात एकही खांब नव्हता.

सिद्रामप्पांनी वर बघितलं, पट्ट्या मोजल्यासारखं केलं आणि अक्कांच्या-माझ्या मागोमाग बोळातून जिना चढून वर आले. ते किती वर्षांनी वर येत होते, कोण जाणे. दारात थांबले, चप्पल काढली आणि सवयीने भिंतीला धरून कडेने चालू लागले.

"मधनं चाला," अक्का म्हणाल्या.

त्यांनी भिंतीवरचा हात काढला. खोलीच्या मध्यावर आले. एक पाय जोरात आपटला. मग दुसरा. पुढे गर्डरपाशी येऊन वाकून त्याला हात लावला.

"पाय अडखळंल की ह्याला, वैनी."

"अडखळला तर उचलायचा."

ते हसले. मी त्यांना हसताना प्रथमच बघत होते. चार बाया तोवर दारात गोळा झाल्या होत्या. अक्कांनी त्यांना हाताने आत बोलावलं आणि त्या खोलीच्या मधून, ताठ चालत, एकेक करून पलीकडे गेल्या. एक तरणी होती, ती गर्डरवरून उडी मारून गेली. अक्का तिला ओरडल्या.

दिवाळीत बिल्डर आला नाही. दीर-भावजयीचं फार गूळपीठ झालं असंही नाही. पाण्याच्या नळावरून, जिन्यावरच्या कचऱ्यावरून त्यांचं चालूच राहिलं. पण पाऊस लागला की सिद्रामप्पा स्वतः पत्र्यावर चढून गळती बघायला लागले. अक्का म्हणत, "त्याच्या भितीवर माझा गर्डर बसलाय, माझ्या पत्र्याखाली त्याची भित हाय. जातंय कुटं?"

दर वर्षी पावसाळा संपला की नट कसलेले आहेत का हे बघायला मी जात असे. मी पाना घेऊन गर्डरशी बसले की अक्का शेजारी येऊन बसत आणि प्रत्येक नटाला स्वतः एकदा हात लावून बघत. दोन-तीनदा मला बाजारात भेटल्या, तेव्हाही पहिलं वाक्य "नट बघायला कवा येनार?" हेच. पुढे मी पुण्याला गेले, तरी सोलापूरला आले की एक चक्कर होत असे. अक्का गेल्याचं मला पुण्यातच फोनवर कळलं. सिद्रामप्पांनीच फोन केला होता. म्हणाले, "झोपेत गेल्या. खिडकीपाशी. घरातच."

त्याआधीच्या वर्षी मी शेवटची गेले होते. अक्का खूप थकल्या होत्या. गुडघे गेले होते. धंदा आता ती उडी मारणारी बाई बघत होती. अक्का खिडकीशी वळकटीवर बसून, गर्डरच्या अलीकडून पलीकडे ओरडत, आणि पलीकडून थप्पीतली एक भाकरी त्यांच्याकडे येई, त्या ती कानाशी मोडत. मी नट बघितले. एकही ढिला नव्हता. निघते म्हटलं तर त्या उठायला लागल्या.

"बसा ना अक्का. मी जाते."

"दारापर्यंत येते."

गर्डरपाशी आल्या. बाया हातातली कामं टाकून पुढे झाल्या, मीही हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. मग गर्डरवर, ओट्यावर बसावं तशा त्या बसल्या. दोन्ही हातांनी एक पाय उचलून पलीकडे ठेवला. जरा दम घेतला. दुसरा पाय उचलून पलीकडे ठेवला. हात गुडघ्यावर दाबून उभ्या राहिल्या आणि माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. भाकरीची पुडी माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "नीट जा."

जिन्याच्या वळणावरून मी मागे वळून बघितलं. दारातून आतली खोली दिसत होती. त्या परत निघाल्या होत्या. पुन्हा गर्डरवर बसल्या, पहिला पाय उचलला आणि शेगडीपाशी उभ्या असलेल्या बाईला, हात न थांबवता, सांगत होत्या की भाकरी करपायलीय, इकडं काय बघायलीस.